खोबरेल तेलातलं रिव्हॉल्व्हर

आमच्या सासरी दसऱ्याच्या एका सकाळी रिव्हॉल्व्हरला जेवढं खोबरेल लागायचं, तेवढं मला महिनाभर केसांना लागत नाही. लग्न होऊन मी डोंबिवलीहून माजिवड्याच्या मागच्या गावठाणात आले, तो पहिला दसरा मला स्वच्छ आठवतो. देवघरासमोर लांबलचक पाट, पाटावर कोयते, विळे, मिठागरातली दोन जुनी फावडी, कधीच विकून टाकलेल्या ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या आणि अंघोळीआधी बाळाला चोळावं तसं त्याला अंगभर तेल चोळलं. मग हळद, मग कुंकू, मग अक्षता, मग झेंडू. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं तसंच फडक्यात गुंडाळून कपाटात गेलं, ते पुढच्या दसऱ्याला बाहेर आलं. त्यावर पुन्हा तेल, हळद, कुंकू. मी नवी नवरी होते, म्हणून गप्प बसले. आजची मी असते तर तिथेच हसून लोळले असते.

सासऱ्यांना सगळं गाव दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दादांचा गावात दरारा होता आणि त्यातला बराचसा या रिव्हॉल्व्हरमुळे होता. खाडीकडची जमीन बळकवायला काही लोक आले होते, तेव्हा दादांनी हवेत बार काढला आणि ते लोक चपला टाकून पळाले, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या चपलांचा रंगही मला पाठ झाला आहे. रिव्हॉल्व्हरची मूठ हस्तिदंताची आहे, असंही दादा सांगत. परवाना रीतसर होता. गोळ्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात, आणि ती किल्ली दादांच्या करगोट्याला.

माझं दुखणं मात्र वेगळंच होतं, आणि ते डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. माझे बाबा. आई गेल्यावर ते एकटे पडले. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस, शास्त्रावर बोलायला लागला की थांबत नाही, पण मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही, ही गोष्ट त्यांनी कुठल्याही प्रयोगाशिवाय मान्य करून टाकली होती. मुक्काम सोडाच, ते आमच्याकडे जेवतही नसत. सणाला आले तर चहा घेत, तोही अर्धा. अंधार पडायच्या आत शिळफाट्यावरून जाणारी बस पकडून परत. मध्यंतरी ते बाथरूममध्ये घसरून पडले आणि हाताला प्लास्टर घातलं. मला कधी सांगितलं? प्लास्टर काढल्यावर. मी फोनवर इतकी भडकले की शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली. एक रात्र, फक्त एक रात्र या माणसाने माझ्या घरी झोपावं, मग पुढचं मी बघते, एवढंच माझं म्हणणं होतं. पण बाबांना हलवायचं म्हणजे पहिली रात्रच अवघड.

तर, निवडणुका आल्या. निवडणुकीच्या आधी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. दादांनी केलं, त्यांच्या चुलत भावानेही त्याचं पिस्तूल जमा केलं. हे माझे चुलतसासरे म्हणजे दादांचे जन्माचे स्पर्धक. दादांनी गच्चीवर पत्रे टाकले की त्यांनी टाकलेच. त्यांचं पिस्तूल नवं, चकचकीत. निवडणूक झाल्यावर दोघे एकाच दिवशी हत्यार परत घ्यायला गेले. तिथल्या हवालदाराने देण्याआधी चुलतसासऱ्यांचं पिस्तूल उघडून बघितलं, रिकामं आहे, ठीक. मग दादांचं घेतलं. गोळ्या बसवायची ती गोल चक्री बाहेर काढायला गेला, तर ती हलेना. फिरवायला गेला, फिरेना. घोडा ओढला, तो चिकटून बसलेला. हवालदाराने बोटांचा वास घेतला आणि म्हणाला, "काका, हे घरी खलबत्ता म्हणून वापरता का? मसाल्याचा वास येतोय."

चुलतसासरे तिथेच उभे होते. संध्याकाळपर्यंत गावठाणात ज्याच्या त्याच्या तोंडी खलबत्ता. दादा दोन दिवस नाक्यावर गेले नाहीत. आणि समोर दसरा. आमच्या भावकीत अशी पद्धत आहे की पूजेआधी ज्याने त्याने आपलं हत्यार सगळ्यांसमोर उघडून रिकामं असल्याचं दाखवायचं. याआधी दादा नुसतं "माझा रिकामाच हाय" म्हणत आणि त्यांच्याकडे बघून कोणी पुढे विचारत नसे. आता सगळे विचारणार होते.

हत्यारांच्या दुकानात देऊन दुरुस्त करून आणावं, हे माझ्या नवऱ्याने सुचवलं. दादा उसळले. "तो दुकानवाला तुझ्या काकाचा दोस्त हाय. उद्या गावात बोलतील, दादाचा खलबत्ता गेला पाटा-वरवंट्याकडं!" मग घरगुती उपाय सुरू झाले. सासूबाईंनी चिंच भिजत घातली, कारण समया चिंचेनेच लख्ख निघतात. नवऱ्याने गॅरेजमधून गंजलेले नट सोडवायचा फवारा आणला. इमारतीला रंग देणाऱ्यांकडून थिनरची बाटली आली. दादा म्हणाले, "सगळा एकत्र करू आनि त्यात बुडवून ठेवू." त्यांना ते लोणचं मुरवण्यासारखं काहीतरी वाटलं असावं. मी बारावीपर्यंतच शास्त्र शिकलेली, पण एवढं मलाही कळत होतं. म्हटलं, "दादा, थांबा. काहीतरी जळेल नाहीतर विरघळेल."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझा बापूस केमिकलवाला ना गो?"

मला आतून जे काही झालं ते लपवायला मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला. मला माझी एक रात्र दिसायला लागली होती.

बाबांना फोन केला. मुलगी बोलावते म्हणून बाबा कधी येत नसत, पण "बाबा, एका धातूच्या वस्तूवर वनस्पती तेलाचा जुना थर बसलाय, खालचा मुलामा जायला नको, कसा काढायचा?" एवढं विचारल्यावर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मुलामा कसला आहे? आणि हात लावू नका कोणी. मी येतो."

आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत काचेच्या छोट्या बाटल्या, कापूस, मऊ टूथब्रश, भिंग, पाण्याची बाटली आणि स्वतःचा डबा. पोळी-भाजी घरून घेऊन आलेला व्याही बघून सासूबाईंचा चेहरा पडला. बाबा शाकाहारी, म्हणून त्यांनी माशाचं कालवण केलं नव्हतं, मुद्दाम बटाट्याची भाजी केली होती. बाबा म्हणाले, "विहीणबाई, माझं पथ्य असतं हो." कसलं पथ्य! डब्यात बटाट्याचीच भाजी होती.

गच्चीत पत्र्याखाली टेबल मांडलं. दादांनी रिव्हॉल्व्हर फडक्यातून काढून बाबांच्या पुढे केलं, तर बाबा दोन्ही हात वर करून मागे सरकले.

"व्याहीबुवा, परवाना आपल्या नावावर आहे. मी हत्याराला हात लावणार नाही. मी फक्त द्रवपदार्थ हाताळीन."

"आवो, मी इथंच हाय ना बाजूला."

"ते खरं. पण नियम आपण बघितलाय का? मीही नाही बघितलेला. म्हणून आपण सावध राहायचं."

अशी कामाची वाटणी झाली. लोखंड दादांच्या हातात, पातळ पदार्थ बाबांच्या हातात. बाबांनी थेंब टाकायचा, दादांनी घासायचं. दादांनी आयुष्यात कुणाचं ऐकून काम केलेलं नव्हतं, बाबा आयुष्यात कुणाला मोठ्या आवाजात काही बोललेले नव्हते. मी मधे स्टूल टाकून बसले होते, दोन देशांच्या सरहद्दीवर बसतात तशी.

बाबांनी भिंगातून सगळं न्याहाळलं आणि चिंचेच्या भांड्याकडे बोट दाखवलं. "हे आधी खाली न्या. पोलादावर हा जो निळसर काळा रंग दिसतो ना, तोही एका परीने गंजच, पण शिस्तीत आणलेला गंज. तो खालच्या पोलादाचं रक्षण करतो. आंबट काहीही लावलं, चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाजारातलं गंज काढायचं औषध, की हा रंग गेला. मग पांढरं फटक." दादांनी घाबरून रिव्हॉल्व्हर छातीशी धरलं. सासूबाईंनी चिंच उचलली आणि "सार करते" म्हणून खाली नेली.

मग फवारा. बाबांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, म्हणाले, "अडलेला नट सुटायला ठीक. पण हा उडून जातो आणि मागे चिकट पापुद्रा ठेवतो. वर धूळ बसली की पुन्हा तेच." मग काच पुसायचं निळं पाणी, जे मीच हुशारी करून आणलं होतं. "यात अमोनिया असतो. घोड्याला आणि चापाला निकेलचा मुलामा दिसतोय. अमोनिया निकेलच्या खालच्या थरात शिरला तर मुलामा सुटायला लागेल." मी माझी बाटली स्टुलाखाली सरकवली.

थिनर आला तेव्हा बाबांनी दादांना विचारलं, "मूठ कशाची आहे?"

"हस्तिदंत," दादा म्हणाले, नेहमीच्याच आवाजात.

बाबांनी भिंग लावलं. मला म्हणाले, "एखादी प्लॅस्टिकची निकामी वस्तू आण." मी साबणदाणी आणली. त्यांनी त्यावर थिनरचे चार थेंब टाकले. थोड्या वेळात साबणदाणीचा तळ मऊ पडला आणि बोट लावताच तार निघाली. मग म्हणाले, "मूठ सोडवून तिची आतली बाजू वर करा, तिथे एक टिपका लावून बघू. बाहेरून दिसणार नाही." दादांनी स्क्रू काढला. कापसाचा बोळा टेकवला. बोळा वर आला तो पांढरा चिकट होऊन.

खालून चिंचेच्या साराला फोडणी दिल्याचा वास आला.

"हस्तिदंत विरघळत नसतो," बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले. "पण चांगल्या प्रतीचं प्लॅस्टिक आहे हो. जपायला हवं."

दादांनी जिन्याकडे बघितलं, कोणी येत नाही ना याची खात्री केली आणि म्हणाले, "व्याही, यो थिनर कॅन्सल."

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, सगळं बाद झाल्यावर उरलं ते रंगाच्या दुकानातलं साधं टर्पेंटाइन. बाबांनी आधी साबणदाणीच्या चांगल्या भागावर लावून बघितलं, काही झालं नाही. मग मुठीच्या आत टिपका, काही नाही. मग निकेलवर, मग त्या शिस्तीतल्या गंजावर, काहीच नाही. प्रत्येक वेळी ते वाट बघत. दादांना वाट बघणं माहीत नाही. ते दर मिनिटाला "जाला?" विचारत आणि बाबा "नाही" म्हणत. शेवटी दादा उठून पत्र्याखाली येरझारा घालू लागले. हॉस्पिटलच्या बाहेर माझ्या बाळंतपणातही ते इतके फिरले नव्हते.

मूठ काढलेली होतीच, ती बाजूला ठेवून काम सुरू झालं. बाबा थेंब टाकत, दादा ब्रशने घासत, खाली पांढऱ्या फडक्यावर मळ पडत होता. बाबांनी तो मळ भिंगाखाली घेतला.

"व्याहीबुवा, हे किती वेळा उडवलंय?"

"खूप."

"नाही, म्हणजे उडवल्यावर नळीत काजळी साठते, शिशाचे, तांब्याचे कण चिकटतात. ते काढायचं द्रावण वेगळं असतं, आणि बरंच जहाल. ते लागेल का, एवढंच बघतोय." असं म्हणून त्यांनी धुण्याच्या सोड्याचं पाणी मळावर टाकलं. पिवळा मळ लालभडक झाला. बाबांचा चेहरा उजळला. "हळद! हळदीवर सोडा पडला की अशी लाल होते. आणि हे कुंकू. आणि हे..." त्यांनी चिमट्याने काहीतरी उचललं. "हा तांदूळ. नळीतून निघाला. काजळी मात्र औषधालासुद्धा नाही."

मी दादांकडे बघायचं टाळलं. जमीन बळकवायला आलेले लोक, तो बार, त्या तपकिरी चपला, सगळं एका तांदळाच्या दाण्यासमोर उभं होतं. मला हसू येत होतं आणि दादांचं वाईटही वाटत होतं. एवढा मोठा माणूस, कान लाल झालेले.

"त्याचं काय जालं," दादा खाली बघत म्हणाले, "ते लोक आले, मी यो काढला, ते पलाले. बार काढायची वेल आलीच नाय. मंग गावान बार काढला, मी नाय काढला."

बाबांनी भिंग पुसलं. "म्हणजे न उडवता काम झालं. उत्तमच की. जहाल द्रावणाची गरज नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि प्रयोगशाळेतलं आम्ही कधी बाहेर बोलत नसू."

त्या दिवशी दादांनी माझ्या बाबांना पहिल्यांदा नीट बघितलं, असं मला वाटलं. लग्नात मानपानावरून दोघांचं जे बिनसलं होतं, त्यानंतर ते एकमेकांशी फक्त हवापाण्यावर बोलत.

पण संध्याकाळ झाली तशी बाबांनी पिशवी भरली. मी आधीपासून ठरवलेलं वाक्य काढलं. "बाबा, चक्रीचा आस रात्रभर टर्पेंटाइनमध्ये भिजवायचा ना? मग रात्री लक्ष नको ठेवायला?"

"भिजणार आहे तो. मी कशाला भिजू?" म्हणून बाबा बसला गेले. मी इतकी चिडले की रिकामा डबा त्यांच्या पिशवीत आदळलाच.

पुढचे काही दिवस हेच. सकाळी बाबा डबा घेऊन हजर, संध्याकाळी गुल. मधल्या वेळात गच्चीत दोन म्हातारे डोक्याला डोकं लावून. थर निघाला तरी दादांना वंगणावरून भांडायचं होतंच. त्यांचं म्हणणं, तेल भरपूर हवं, सढळ हाताने. बाबांचं म्हणणं, शिवणयंत्राचं पातळ तेल, आणि तेही सुईच्या टोकावर येईल एवढंच.

"आवो एवढुसा तेल? हे काय होमिओपॅथी हाय?"

"जास्त तेल म्हणजे जास्त धूळ, व्याहीबुवा. खोबरेल थंडीत गोठतं, धूळ धरतं, आणि त्यात हळद मिसळली की तुमचा तो..." बाबा खलबत्ता म्हणणार होते, ते शब्द गिळून "लगदा" म्हणाले. दादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी सुईच्या टोकावरचा थेंब मुकाट्याने लावून घेतला.

आणि मग एका दुपारी चक्री फिरली. दादांनी अंगठ्याने ढकलली आणि टिक टिक टिक टिक करत ती गोल गेली. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. दादांनी पुन्हा फिरवली. बाबा म्हणाले, "आणखी एकदा." जत्रेतून भिंगरी आणलेल्या पोरांसारखं त्यांनी ते अर्धा तास चालवलं. सासूबाई वर आल्या, बघून म्हणाल्या, "आता तरी जेवा व्याही माझ्याकडं." बाबा क्षणभर थांबले, मला वाटलं आता हो म्हणतील. पण ते म्हणाले, "दसऱ्याला येईन ना, तेव्हा सोनं द्यायला." आणि डबा उघडला. सासूबाई खाली निघून गेल्या. मला त्या वेळी बाबांचा खरोखर राग आला. माझ्या सासूने इतकं मनापासून कुणाला विचारलेलं मी बघितलं नव्हतं.

दसऱ्याला सगळी भावकी जमली. पाट मांडलेला, कोयते, विळे, फावडी, ट्रॅक्टरची किल्ली. चुलतसासऱ्यांनी आपलं पिस्तूल खटकन उघडून दाखवलं आणि ठेवलं. मग सगळ्यांच्या माना दादांकडे वळल्या. कोणीतरी मागून खोकलं, तो खोकला नव्हताच. दादांनी घाई केली नाही. रिव्हॉल्व्हर काढलं, अंगठ्याने चक्री बाहेर पाडली, रिकामी घरं सगळ्यांना दाखवली, आणि बंद करायच्या आधी नुसतं एक बोट लावलं. टिक टिक टिक टिक. देवघरात दुसरा आवाज नव्हता. चुलतसासऱ्यांचा चेहरा तेव्हा जो झाला, तो मी जपून ठेवला आहे, मन खराब असलं की काढून बघते. बाबा भिंतीला टेकून उभे होते, नव्या धोतरात, ओठ घट्ट मिटून. इतका अभिमान त्यांना माझ्या पदवीदानालाही झाला नसावा.

दादांनी रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं. आणि सासूबाई पुढे झाल्या. एका हातात खोबरेलाची भरलेली वाटी, दुसऱ्या हातात हळद-कुंकवाचं तबक. घरातली पद्धत ती घरातली पद्धत, त्यांना या बाबतीत कोणी काही सांगितलंच नव्हतं. आम्ही तिघेही विसरलो होतो. वाटी कलली.

"नको!"

आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या माझ्या बाबांनी अख्ख्या भावकीसमोर, पूजेत, माझ्या सासूच्या अंगावर ओरडून हे म्हटलं. वाटी तिथेच थबकली. कुणीतरी श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. चुलतसासरे संधीच बघत होते. "पूजेला नको बोलतंय? व्याही आता आपल्याला पूजा शिकवनार काय?"

बाबा पांढरे पडले. "माफ करा. माझी चूक झाली," एवढंच म्हणाले आणि कोपऱ्यातली पिशवी उचलली. मला कळलं की आता हे गेले. आज गेले ते कायमचे गेले. डोंबिवलीच्या त्या बाथरूममध्ये पुन्हा पडतील आणि मला पुन्हा प्लास्टर निघाल्यावर कळेल. दादा उठायला लागले, त्यांचा गुडघा पाटाखाली अडकला.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. शांतपणे. मग तबक घेऊन सरळ बाबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"याला तेल नको, हलद नको, कुंकू नको. मग आमी पुजायचा कोनाला?" त्या म्हणाल्या. "इतके दिस यो बंद होता. चालू कोनी केला? काम करतंय ते हत्यार. आमच्यात काम करनाऱ्या हत्याराची पूजा करतात." आणि त्यांनी बाबांच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता टेकवल्या, एक झेंडूचं फूल टाळूवर ठेवलं. कापसासारख्या पांढऱ्या केसांवर ते डुगडुगत राहिलं. बाबा हातातल्या पिशवीसकट ताठ उभे. भावकीतल्या बायका हसायला लागल्या, मग पुरुषही, आणि शेवटी दादांनी पाटाखालून गुडघा सोडवत जी हसायला सुरुवात केली, ती त्यांना ठसका लागेपर्यंत. चुलतसासऱ्यांनाही हसावं लागलं.

हसणं ओसरल्यावर बाबा म्हणाले, "विहीणबाई, मोठा मान दिलात. आता निघतो. बसची वेळ होईल."

"कुठं निघताय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाबांच्या हातातली पिशवी काढून घेऊन सरळ पाटावर ठेवली, कोयता आणि फावड्याच्या मधे. "पुजलेला हत्यार दुसरे दिवशी सकालपर्यंत जागेवरून हालवीत नाय आमच्यात. आमच्या सुनबाईला, म्हंजे तुमच्याच पोरीला इचारा. आज घरातली गारीसुदा बाहेर काढली नाय आमी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. खरंच होतं ते. सकाळी हार घातलेली गाडी दारातच उभी होती आणि नवरा दूध आणायला चालत गेला होता. बाबांनी दादांकडे बघितलं. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नियम हाय, व्याही."

बाबांना मी ओळखते. ते मनात उलटसुलट तपासत होते. नियमाच्या विरोधात त्यांना आयुष्यात कधी जाता आलं नाही, आणि याच्या विरुद्धचा नियम त्यांना सापडत नव्हता. डोक्यावरचं फूल पडू नये म्हणून मान न हलवता ते पाटाच्या शेजारी, रिव्हॉल्व्हरच्या बाजूला, हळूच मांडी घालून बसले. सासूबाई पान वाढायला आत गेल्या.

मी त्यांच्या जवळ वाकले, तेव्हा त्यांनी मला खूण करून आणखी खाली बोलावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तुमच्याकडे पातळ उशी असेल का गं? जाड उशीवर मला झोप लागत नाही."